तयार पेडल बाजारात मिळत असताना दुसऱ्यांसाठी जुन्या धाटणीचे गिटार पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) हाताने बनवण्यात काय मजा आहे?

पैसा म्हणाल तर त्यात फारसा नाही. सुटे भाग आणि डबीचा खर्च निघाला, वर थोडं उरलं, की मी खूश. मजा आहे ती गिऱ्हाईक समोर बसून वाजवायला लागतं तेव्हा.

माझ्याकडे जास्त मागणी सूर फाटका, खरखरीत करणाऱ्या 'फझ फेस'च्या धर्तीवरच्या पेडलला. मूळ पेडल १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीनं काढलं आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर पोचलं. आत काय? दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायची बटणं). उघडून दाखवलं की लोक म्हणतात, "एवढंच?" एवढंच. पण सगळी गोम त्या दोन ट्रान्झिस्टरांत आहे.

जर्मेनियमचे दोन नग एकसारखे निघतील तर शपथ. एकाच नंबरच्या एसी १२८ मध्ये एकाचा गेन (करंट किती पटीनं वाढवतो तो आकडा) ६० भरतो, दुसऱ्याचा १३०. पहिल्या जागी ७०-८० चा आणि दुसऱ्या जागी ११०-१२० चा बसला की सहसा जमतं. त्यात ते गळके. बेस नावाच्या पायाला काही जोडलेलं नसतानाही थोडा करंट झिरपतो आणि साधा मल्टिमीटर तोही गेनमध्ये धरून आकडा फुगवून दाखवतो. म्हणून गळती आधी वेगळी मोजून वजा करायची. मोजताना ट्रान्झिस्टर नुसता चिमटीत धरला तरी बोटांच्या उबेनं आकडा चढायला लागतो. हात काढायचा, चहा टाकायचा, मग वाचायचा.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या नऊ व्होल्टच्या निम्मे, हा सर्वमान्य आकडा. मी तिथवर आणून ठेवतो. पुढचं काम वाजवणारा आल्यावर: तो वाजवत राहतो, मी मीटर बाजूला सारून आतला प्रीसेट (हे व्होल्ट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) स्क्रूड्रायव्हरनं केसभर फिरवतो. ब्लूजवाल्याला गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की आवाज स्वच्छ झालेला हवा असतो. ही या सर्किटची उपजत खुबी. दुसरा एक जण आला, त्याला सूर फाटून मध्येच तुटायला हवा होता. माझ्या कानाला ते बिघडलेलंच वाटत होतं, पण पठ्ठ्या खूश! तिथेच थांबलो, प्रीसेट हलू नये म्हणून वरून लाखेचा ठिपका लावला.

आपल्याकडे उन्हाचाही विचार करावा लागतो. जर्मेनियम तापला की गळती वाढते, बायस (तो साडेचार व्होल्टचा मेळ) सरकतो आणि मे महिन्यात नागपूरच्या मैदानावर तोच पेडल फुसफुसायला लागतो. म्हणून बाहेरगावी कार्यक्रम करणाऱ्यांना मी प्रीसेटऐवजी बाहेर हातानं फिरवायचं छोटं बटण काढून देतो. 'मूळ पेडलला असं बटण नव्हतं' म्हणणारे भेटतात. नव्हतंच. मूळ पेडल विदर्भात वाजायला बनलेलाही नव्हता.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सिलिकॉनच्या बीसी १०८ ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करा. आवाज जरा टोकदार येतो, पण तो उन्हाला भीत नाही. जर्मेनियमच्या पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरचा केलात तर त्याची बॅटरी वेगळी ठेवा. त्यात अर्थला धन टोक असतं, त्यामुळे बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरवर लावलात तर शॉर्ट होईल. आणि गिटारची वायर आधी फझमध्ये, वाहवाह पेडल वगैरे सगळं त्याच्यानंतर.