पहिल्यांदाच मावळ्याचा वेश घरी करताय?

ताई, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला अजून आठवडा आहे, घाबरू नका. यंदा फक्त ढाल-तलवार करा. पगडी वगैरे नको, जुन्या ओढणीचा फेटा बांधला तरी पोरगं शोभून दिसतं.

पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा घ्या. त्याच्या आतल्या बारीक नळ्या तलवारीच्या लांबीत उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या की पातं मिरवणुकीतच मोडतं; आमच्या लेकाचं मोडलंय! दोन थर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दाबा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- थर्माकोलवर स्प्रे पेंट मारतात, थर्माकोलच विरघळतो.
- ढालीची मूठ नुसती चिकटवतात. भोकं पाडून नाडी ओवा, आणि गाठ मारण्याआधी मुलाचा हात घालून बघा.

ढालीच्या काठाला जुन्या साडीची जर लावा.