सीडी२५वर बसलेली अँटिबॉडी: रचना उघडल्यावर नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅक्लिझुमॅब या औषधी अँटिबॉडीचा फॅब (पकडणारा एक हात) आणि सीडी२५ (म्हणजे आयएल-२ या प्रतिकारपेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरची अल्फा साखळी) यांची ३एनएफपी (पीडीबी या रचना-संग्रहातला संकेत) ही रचना उघडली. अँटिबॉडी आयएल-२चा संदेश अडवते ते यात कुठे दिसतं? आणि एपिटोपमधल्या (अँटिबॉडी जिथे धरते त्या जागेतल्या) अमिनो आम्लांचे क्रमांक यूनिप्रॉट या प्रथिन-अनुक्रमांच्या संग्रहाशी का जुळत नाहीत?

क्रमांकांचा घोळ आधी मिटवू. सीडी२५चा सिग्नल पेप्टाइड (सुरुवातीचा, पुढे कापला जाणारा तुकडा) २१ अमिनो आम्लांचा असतो. यूनिप्रॉट त्याच्यासकट मोजतं, तर रचनाशास्त्रातले लोक बहुतेकदा पक्व प्रथिनापासून मोजतात. फरक सरळ २१चा निघाला तर काळजी नको. तरी अंदाजाने वजाबाकी करण्यापेक्षा दोन्ही अनुक्रम एकाखाली एक लावून बघा. अँटिबॉडीच्या बाजूला वेगळाच त्रास असतो. कबाट या अँटिबॉडींसाठीच्या पद्धतीने क्रमांक दिले असतील तर ५२ नंतर ५२ए, १०० नंतर १००ए, १००बी असे येतात. नुसता आकडा वाचणारी स्क्रिप्ट तिथे दोन-तीन अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) एकच समजते, आणि जड साखळीच्या एच३ या पकडणाऱ्या लूपमधले संपर्क गायब होतात.

आता मुख्य मुद्दा. ३एनएफपीमध्ये आयएल-२ नाहीच. त्यामुळे ती फाइल कितीही फिरवून पाहिली तरी अडवणूक दिसणार नाही, फक्त अँटिबॉडीची जागा दिसेल. शेजारी १झेड९२ उघडा. त्यात ए साखळी आयएल-२ची आणि बी सीडी२५ची आहे. दोन्ही फाइल्समधलं सीडी२५ एकमेकांवर बसवा, मग फॅबचा टोकाचा भाग आणि आयएल-२ एकाच जागेत घुसलेले दिसतील. आयएल-२च्या फेनिलअ‍ॅलनिन ४२च्या आसपास बघा. सीडी२५शी जुळणीतला तो कळीचा अवशेष आहे. दोन बाजूसाखळ्या थोड्या घासत असतील तर त्याला अडथळा म्हणू नका, त्या जराशा वळून वाट काढतात. मुख्य साखळीतूनच मुख्य साखळी जात असेल तर दोघं एका वेळी बसू शकत नाहीत हे नक्की. इथे तसंच आहे.

बसवताना एक सापळा आहे. कायमेराएक्स या रचना पाहण्याच्या प्रोग्रॅममधलं मॅचमेकर आपणहून सर्वांत चांगली जुळणारी साखळ्यांची जोडी निवडतं. ३एनएफपी आणि १झेड९२ यांच्यात सीडी२५ सोडून सामाईक काही नाही, म्हणून ते बिनबोभाट चालतं. पण तेच डॅक्लिझुमॅब आणि सीडी२५लाच धरणारी दुसरी अँटिबॉडी बॅसिलिक्सिमॅब (३आययू३) यांच्यात करायला गेलात तर ते फॅबवर फॅब बसवण्याची शक्यता मोठी, कारण स्थिर भाग सारखेच असतात. मग दोन सीडी२५ भलत्याच दिशांना दिसतात आणि ‘एपिटोप वेगळे आहेत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. साखळी स्वतः निवडून द्या. फॅबचीच तुलना करायची असेल तर फक्त बदलता भाग जुळवा; फॅबचा कोपर प्रत्येक स्फटिकात वेगळा वाकलेला असतो.

या दोन्ही अँटिबॉडी-रचनांमध्ये एकाच संकुलाच्या एकाहून जास्त प्रती आहेत. कुठली जड-हलकी साखळ्यांची जोडी कुठल्या सीडी२५ला धरून आहे ते आधी ठरवा. शेजारच्या प्रतीचा फॅबही कधीकधी त्याच रिसेप्टरला टेकलेला असतो, पण तो स्फटिकातला शेजार, एपिटोप नव्हे. खरा अँटिबॉडी-इंटरफेस सीडीआर लूपनी (अँटिबॉडीच्या टोकाच्या पकडणाऱ्या वळणांनी) बनतो आणि दोन्ही बाजू मिळून साधारण १४०० ते २३०० चौरस अँगस्ट्रॉम पृष्ठभाग झाकतो. शंभर-दोनशे निघाले तर जोडी चुकली आहे.

एपिटोपच्या यादीसाठी हायड्रोजन वगळून ४ अँगस्ट्रॉमची मर्यादा पुरते. या रचनांचं रिझोल्यूशन जेमतेम ३ अँगस्ट्रॉमच्या आत आहे, त्यामुळे ‘हायड्रोजन बंध २.९’ असल्या आकड्यांवर फार विसंबू नका. ज्या अवशेषावर तुमचा युक्तिवाद उभा आहे, त्याची इलेक्ट्रॉन घनता उघडून पाहा. जे अवशेष दिसलेच नाहीत ते फाइलमधल्या रिमार्क ४६५ या नोंदीत असतात. तिथे पोकळी आहे असं समजून चालू नका, तो भाग डुलतो आहे एवढंच. शिवाय यादीतला प्रत्येक अवशेष महत्त्वाचा नसतो. बंधनाची बरीचशी ताकद मोजक्या अवशेषांत असते. ते अ‍ॅलनिन बदल करून (एकेक अवशेष त्या साध्या अमिनो आम्लाने बदलून) मोजावे लागतात, चित्रात दिसत नाहीत.

आणि ‘संदेश अडवते’ हा शब्दप्रयोग जरा जपून. २बी५आय उघडा, त्यात पूर्ण चौकडी आहे: आयएल-२ आणि रिसेप्टरच्या अल्फा, बीटा, गॅमा या तिन्ही साखळ्या. सीडी२५ एका बाजूला आयएल-२ला धरून उभं आहे आणि बीटा-गॅमाला कुठेच शिवत नाही. त्याची पेशीतली शेपटीही आखूड, संदेश देण्याच्या कामाची नाही. संदेश पुढे नेणाऱ्या एन्झाइमांपैकी जॅक१ बीटावर असतं, जॅक३ गॅमावर. सीडी२५चं काम आयएल-२ पकडून पुढे देण्याचं. एकट्या अल्फाची विघटन-स्थिरांकाची किंमत (जितकी कमी तितकी पकड घट्ट) १० नॅनोमोलरच्या आसपास, बीटा-गॅमा जोडीची १ नॅनोमोलर, तिघं मिळून १० पिकोमोलर. म्हणजे डॅक्लिझुमॅबने जाते ती शंभरपट संवेदनशीलता. बीटा-गॅमाची वाट मोकळीच राहते. म्हणूनच हे औषध (२०१८मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं) घेणाऱ्यांमध्ये उत्तेजित टी पेशी आयएल-२ला मुकायच्या आणि उरलेल्या आयएल-२वर सीडी५६ ठळक असलेल्या एनके (नैसर्गिक मारक) पेशी वाढायच्या. फक्त फॅबचं चित्र बघून हे कुणालाच सुचलं नसतं.

फॅब म्हणजे अँटिबॉडीचा एक हात, हेही ध्यानात असू द्या. पूर्ण अँटिबॉडी दोन रिसेप्टर एकत्र ओढते का, एफसी भाग (अँटिबॉडीचा दांडा) पुढे काय करतो, याबद्दल या फाइल्स काही सांगत नाहीत. ते पेशींवरच्या प्रयोगातच कळतं.