'इल्लिरलारे अल्लिगे होगलारे' हे मराठीत कसे म्हणाल?

प्रश्न असा आला आहे: "गिरीश कासारवल्ली यांच्या 'इल्लिरलारे अल्लिगे होगलारे' या कन्नड चित्रपटाचे नाव मला फार आवडले. मुले परदेशात आणि आईवडील इथे, अशा घरांवर मी एक लेख लिहिते आहे, त्याला मथळा म्हणून ते मराठीत आणायचे आहे. 'इथे राहू शकत नाही, तिथे जाऊ शकत नाही' हे कोरडे वाटते. 'इकडे आड तिकडे विहीर' चालेल का?"

म्हण चालणार नाही. आड काय, विहीर काय, दोन्हीकडे बुडायचेच. दोन संकटांत सापडलेल्या माणसाची ती म्हण आहे. ज्याचे एक घर इथे आणि दुसरे तिथे, त्याच्या दोन्हीकडे जिवाभावाची माणसे असतात. त्यांना आड-विहीर म्हणणे मला तरी पटत नाही. अनिवासी भारतीयांवरच्या लेखांत 'त्रिशंकू' हमखास येतो, पण त्याला इंद्राने वरून ढकलले आणि विश्वामित्रांनी मध्येच थोपवले. त्याच्या मनाचा त्यात प्रश्नच नव्हता. या कन्नड नावात मात्र बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे.

आधी ते नाव उलगडून पाहू. 'इल्लि' म्हणजे इथे आणि 'अल्लि' म्हणजे तिथे. 'अल्लि'ला चतुर्थीचा 'गे' लागून 'अल्लिगे', म्हणजे तिकडे, त्या दिशेने. 'इरु' हा धातू असणे आणि राहणे या दोन्ही अर्थांचा, तर 'होगु' म्हणजे जाणे. 'इल्लि' आणि 'इरलारे' यांचा संधी होऊन 'इल्लिरलारे' झाले. खरी गंमत शेवटच्या 'लारे'मध्ये आहे. 'आर्' म्हणजे समर्थ असणे, आणि 'आरे' हे त्याचे नकारार्थी रूप. त्यात 'नाही' असा वेगळा शब्दच नाही, नकार क्रियापदाच्या पोटातच असतो. द्राविडी भाषांची ही जुनी खुबी. 'होगलारे' एवढ्या एकाच शब्दात जाणे, असमर्थता, नकार आणि 'मी' असे चौघे बसले आहेत. ('तू जाऊ शकणार नाहीस' यालाही कन्नडात 'होगलारे' असेच रूप होते, पण इथे 'मी'च अभिप्रेत आहे.)

रोजच्या बोलण्यात कन्नड माणूस असे म्हणत नाही. तो 'होगलिक्के आगुवुदिल्ल' म्हणेल, किंवा त्याचे आणखी झिजलेले रूप वापरेल. याचा शब्दशः अर्थ 'जायला होत नाही'. आपणही 'मला उद्या यायला होणार नाही' म्हणतोच की! 'लारे' हे त्या मानाने ग्रंथातले, कवितेतले रूप. नाव ऐकताच मनात घुमते ते त्यामुळेच. 'राहू शकत नाही' यात अर्थ सगळा आला, पण ती घुमणारी चाल गेली. तुम्हाला कोरडे वाटले ते बरोबरच वाटले.

मराठीत या जागी बसणारी एक सुरेख गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपण ती विसरत चाललो आहोत. शाळेत तिला शक्य क्रियापद म्हणायचे. 'आजीला आता जिना चढवत नाही.' 'त्याचे हाल बघवत नाहीत.' 'माझ्याच्याने एवढे खाववत नाही.' यात करणारा 'मी' असा पुढे येत नाही, तो 'मला' किंवा 'माझ्याच्याने' होऊन मागे सरकतो. 'शकणे' आणि हे रूप यांतला फरक दोन वाक्यांत दिसेल. 'व्हिसा मिळाला नाही, म्हणून जाऊ शकत नाही.' इथे 'जाववत नाही' म्हटले तर कानाला खटकते. आता दुसरे: 'आईला असे एकटे टाकून जाववत नाही.' व्हिसा आहे, तिकीट आहे, बॅग भरलेली आहे, आणि तरीही जाववत नाही. अडवणारे दारात कोणी नाही, अडसर आतला आहे.

तुकोबांच्या 'बुडती हे जन न देखवे डोळां' या ओळीत हेच रूप आहे. डोळे धड आहेत, समोरचे दिसतेही आहे, पण पाहणे सोसत नाही. 'बुडणारे लोक मी पाहू शकत नाही' असे लिहून बघा, तो कळवळा कुठल्या कुठे जातो.

म्हणून माझे उत्तर: 'इथे राहवेना, तिथे जाववेना'. 'राहवत नाही, जाववत नाही' असेही म्हणता येईल, पण 'वेना'त नकार क्रियापदाला चिकटून येतो, कन्नडच्या जवळ जातो, आणि नादही जुळतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. 'लारे'मध्ये परिस्थितीमुळे आलेली असमर्थताही मावते, 'वेना' मनाकडे आणि शरीराकडे जास्त झुकते. जयंत कायकिणी यांच्या कथेवरून केलेल्या त्या चित्रपटाचा विषय स्थलांतर आहे, आणि स्थलांतरात पैसा, काम, घरची अडचण हे सगळे येते. चित्रपटाचे नाव म्हणून शब्दाला शब्द हवा असता, तर मी थोडा घुटमळलो असतो. तुमच्या लेखासाठी मात्र हा झुकाव उपयोगाचाच आहे. शिवाय 'मला' गाळल्यामुळे ही ओळ कोणा एकाची राहत नाही. परदेशातल्या मुलाची होते तशीच मागे राहिलेल्या आईचीही होते. तिकडे जाऊन आलेले कितीतरी आजी-आजोबा सांगतात, तिथे करमत नाही आणि इथे परत आले की घर खायला उठते.

'इथे करमेना' असाही मोह होईल. 'करमणे' हा शब्द मला स्वतःला फार प्रिय आहे, पण त्यात रितेपण आहे, 'राहवेना'तली घालमेल नाही. ज्याला करमत नाही तो दिवस ढकलत राहतो. ज्याला राहवत नाही तो उठून दारापर्यंत तरी जातो. शिवाय नुसते 'राहवेना' म्हटले की 'स्वतःला आवरता येईना' हा अर्थ आधी उभा राहतो ('राहवेना म्हणून फोन केला'). तोही अर्थ इथे मागून डोकावला तर बिघडत नाही, उलट शोभतो. फक्त मथळ्यातला 'इथे' गाळू नका, तो गेला की 'इथे राहणे जमेना' हा मूळ अर्थ पुसला जाईल.

लिहिताना 'राहवेना' असेच लिहा, 'राहावेना' नको. आणि 'जाववेना'त 'व' दोनदा आहे. छापताना कोणी चूक समजून एक काढून टाकेल, तर प्रूफ स्वतः पाहा.