जखमी प्राण्याच्या उपचाराचे पैसे: आवाहन टाकण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न असा आहे: गाडीने उडवलेला कुत्रा दवाखान्यात आहे, मागचा पाय मोडलाय, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. आधीच्या प्राण्यांची उधारी फिटलेली नाही आणि लोकांकडून देणगी मागणाऱ्या आवाहनांना आता फारसा प्रतिसाद मिळत नाही. आधी या कुत्र्याचं बघू, मग उधारीचं. माझ्या मते खरं दुखणं उधारीतच आहे.

आज ऑपरेशनचे पैसे मागू नका. मोडलेला पाय बघणाऱ्याच्या काळजाला लागतो, पण अपघातानंतर पहिल्या दिवशी जीव जातो तो बहुतेकदा आतल्या इजेने. फुफ्फुसाला मार बसलेला असतो, छातीत हवा साठते, छाती-पोटामधला पडदा फाटतो, मूत्राशय फुटतं. म्हणून चांगला डॉक्टर आधी सलाईन आणि वेदनाशामक सुरू करतो, छातीचा एक्स-रे काढतो आणि कुत्रा स्थिर झाल्यावर हाडाकडे वळतो. हाड बाहेर आलं असेल तर जखम त्याच दिवशी धुऊन झाकावी लागते. तसं नसेल तर हाड सहसा दोन-तीन दिवस थांबू शकतं. म्हणजे आज फक्त ॲडमिशन, तपासण्या आणि वेदनाशामकाचे पैसे लागणार. ऑपरेशनसाठी तुम्हाला थोडा वेळ आहे, तो नीट वापरा.

त्या वेळात डॉक्टरांकडून लेखी अंदाज घ्या. कमीत कमी किती आणि गुंतागुंत झाली तर किती, असे दोन आकडे मागा. डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात आहे का, ते स्पष्ट विचारा, कारण बहुतेक वेळा तो नसतो. मोडलेल्या हाडाला धातूची प्लेट बसवलेल्या कुत्र्याला साधारण सहा ते आठ आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या खोलीत बांधून ठेवावं लागतं. मधे पुन्हा एक्स-रे, टाके काढणं, गळ्यातली कॉलर, औषधं, आणि हे सगळं करणारं माणूस. फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर, मिळालं नाही तर तेवढे दिवस बोर्डिंग, म्हणजे पैसे देऊन प्राणी ठेवण्याची जागा. रेस्क्यू करणारे ग्रुप ऑपरेशनच्या बिलापेक्षा या बोर्डिंगच्या बिलाने जास्त बुडतात. ऑपरेशनचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि त्यासाठी लोक धावून येतात. सहाव्या आठवड्यात मात्र कुणाचं लक्ष नसतं. म्हणून आवाहनात पहिल्यापासून पूर्ण उपचाराचा आकडा टाका, तो मोठा दिसला तरी.

पर्यायही विचारा. प्लेट, पिन, बाहेरून लावायचा फिक्सेटर आणि पाय काढणं, या चारही गोष्टींचा खर्च वेगळा आणि नंतरची देखभालही वेगळी. पाय काढायचा म्हटलं की देणगीदार हळहळतात, ‘पैसे देतो पण पाय वाचवा’ म्हणतात. पण बाकीचे तीन पाय आणि कंबर धड असेल तर कुत्री-मांजरं तीन पायांवर उत्तम जगतात, आणि तेही सहसा काही आठवड्यांत. ज्या कुत्र्याला बांधून ठेवायला जागाच नाही त्याला प्लेट बसवणं मला धोक्याचं वाटतं. तो उड्या मारतो, प्लेट वाकते किंवा स्क्रू सुटतात, मग दुसरं ऑपरेशन, पुन्हा आवाहन, आणि सगळा त्रास त्या मुक्या जिवाला. हा निर्णय डॉक्टर आणि सांभाळणारा माणूस यांनी मिळून घ्यावा. पैसे देणाऱ्याचं मन राखण्यासाठी तो घेऊ नये.

आता आवाहन. प्रतिसाद कमी झाला म्हणजे लोक निर्दय झाले असं नाही. पैसे मिळवण्यासाठी मुद्दाम प्राण्यांना संकटात टाकून ‘वाचवल्याचे’ व्हिडिओ बनवणारे आहेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. शिवाय मागच्या वेळी दिलेल्या पैशांचं काय झालं, हे बऱ्याच जणांना कळलेलंच नसतं. म्हणून अंदाजपत्रकाचा फोटो टाका. शक्य असेल तिथे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर जाऊ द्या. जमा किती, बाकी किती, हे रोज एका ओळीत लिहा. पैसे उरले तर कुठे वापरणार, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगा. उरलेले पैसे न विचारता दुसरीकडे वळवले की विश्वास तुटतो, हेतू कितीही चांगला असला तरी. प्राणी दगावला तर त्याच दिवशी सांगा आणि बिलही टाका. अशी बातमी लपवणाऱ्याला लोक पुन्हा पैसे देत नाहीत.

पण सगळ्याच खर्चाला आवाहन हे उत्तर नाही. पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झालेलं कुत्र्याचं पिल्लू घ्या. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात, ॲडमिट करून सलाईन आणि उलटीची औषधं वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. साधारण पाच-सात दिवसांचा खेळ, आणि पैसे पहिल्या रात्रीच लागतात. पोस्ट लिहून वाट बघत बसायला सवड नसते, त्यासाठी हातात निधी असावाच लागतो. याउलट टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची संसर्गाने पसरणारी गाठ. आठवड्याला एक विन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाचं इंजेक्शन, बहुतेकांना चार ते सहा पुरतात. खर्च आधीच माहीत, म्हणून एका इंजेक्शनचा एक देणगीदार अशी वाटणी करता येते आणि लोक ती आनंदाने घेतात.

मांजरांच्या एफआयपीचं, म्हणजे एका प्रकारच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या आजाराचं, गणित तिसरंच. हा आजार म्हणजे मृत्यूच, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. 2019 मध्ये जीएस-441524 या औषधाचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटलं. रूढ कोर्स 84 दिवसांचा. डोस वजनावर ठरतो, आणि बरं होणारं पिल्लू झपाट्याने वाढतं, म्हणजे औषधही वाढतं. पहिल्या दिवशीच्या वजनावर खर्च काढला तर शेवटी तो हमखास कमी पडतो. पोटात किंवा छातीत पाणी साठलेल्या आणि मेंदू-डोळ्यांची लक्षणं नसलेल्या मांजरांना 42 दिवसही पुरले, असं 2024 मधल्या एका अभ्यासात दिसलं. तुमचं मांजर त्यात बसतं का, हे डॉक्टरांना विचारा. पैसे वाचवायला आपल्या मनाने कोर्स मात्र कधीच तोडू नका.

आता उधारी. डॉक्टरांचा फोन यायच्या आत तुम्ही जाऊन भेटा. हप्ता ठरवा, लहान असला तरी चुकवू नका. उधारीवर उपचार करणारा डॉक्टर स्वतःच्या खिशातून औषधं आणत असतो, आणि तो दुरावला तर पुढच्या रात्री जखमी प्राणी कुणाकडे नेणार? मग मागच्या वर्षभराची सगळी बिलं काढा, बेरीज करा, बाराने भागा. तुमच्या ग्रुपचा महिन्याचा खरा खर्च तो. त्यातला निम्मा तरी दरमहा ठरलेली छोटी रक्कम देणाऱ्यांकडून यायला हवा. असे देणगीदार मिळवण्याची वेळ म्हणजे एखादा प्राणी बरा होऊन घरी जातो तेव्हा. संकटाच्या दिवशी लोक एकदाच देतात. निधीचं खातं वेगळं ठेवा, आणि त्यातला ठरावीक वाटा लसीकरण आणि नसबंदीसाठी बाजूला काढा. लसीसाठी कुणी रडून पैसे देत नाही, पण पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस नीट मिळाले तर पार्वोची ती रात्र सहसा येत नाही. नसबंदीमुळे गर्भाशयात पू होण्याचं आणि टीव्हीटीचं प्रमाणही घटतं.

एक अवघड गोष्ट ग्रुपने शांत दिवशी बसून ठरवावी. एका प्राण्यावर किती खर्चापर्यंत जायचं, आणि कोणत्या अवस्थेत वेदनामुक्त मरण द्यायचं. मणका तुटून खोलवरची वेदनाही जाणवत नसेल, तर मागचे पाय परत येण्याची शक्यता फार कमी असते, हे डॉक्टर तपासून सांगू शकतात. ते ऐकून, त्या प्राण्याला आयुष्यभर सांभाळणारं कुणी आहे का, हे बघून ठरवा. रात्री अकरा वाजता, ॲडव्हान्स मागणाऱ्या काउंटरसमोर हा वाद घालू नका.

उद्या छातीचा एक्स-रे आणि लेखी अंदाज हातात आला की इथे कळवा. आवाहनाचा मजकूर आपण मिळून लिहू, आणि फॉस्टरसाठी मी आजपासूनच ओळखीच्यांना विचारायला लागते.