नाइट ड्युटीवरच्या मुलीस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज पहाटे सव्वातीनचा. मी पाचला उठल्यावर वाचला. सात नंबरचे आजोबा गेले, छातीवर दाब देऊन झाल्यावर तुझे हात थरथरायला लागले ते थांबेचनात, आणि ड्रेसिंग रूमचं दार लावून तू रडलीस. "सिस्टर, मी या कामाच्या लायकीचीच नाही का?" असं विचारलंयस. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्या जोरावर लिहिते.

आधी थरथरीचं. क्रॅश कार्टमधून, त्या इमर्जन्सीच्या ट्रॉलीतून, अ‍ॅड्रिनॅलिनची काचेची अँप्यूल काढलीस ना, एक मिलिग्रॅमची? अगदी तेच रसायन त्या घडीला तुझ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी तुझ्या रक्तात सोडत होत्या. तोंडाला कोरड पडते, कानात धडधडतं, नजर एकाच जागी खिळते, ते सगळं त्यामुळे. मला शेवटच्या ड्युटीपर्यंत व्हायचं. पण माझं कुठून सुरू होतं ते मला माहीत झालं होतं. आधी डावी पोटरी ताठायची. ती ताठली की कार्टपाशी पोचेपर्यंत मी एक श्वास अगदी सावकाश सोडायची आणि दाब द्यायला लागले की आकडे मोठ्याने म्हणायची. एक, दोन, तीन... 30 पर्यंत, मग पेशंटला दोन श्वास. मिनिटाला 100 ते 120 चा वेग आवाजाने आपोआप सांभाळला जातो, आणि मोजत असलेल्या तोंडाला ओरडायला सवड मिळत नाही. तुझं कुठून सुरू होतं ते तू शोधून ठेव.

भीतीपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती रागाची. एकदा ड्युटी बदलताना हँडओव्हरच्या वेळी माझी वरिष्ठांशी चांगलीच खडाजंगी झाली. दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्याच तिरमिरीत अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला ट्रेमधली अँप्यूल उचलली, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढली. माझ्या लेखी ते डिस्टिल्ड वॉटर. पलंगावरचा कॉलेजातला मुलगा विचारत होता, "सिस्टर, दुखेल का हो?" त्याला उत्तर देता देता रिकाम्या अँप्यूलकडे नजर गेली. पोटॅशियम क्लोराईड. पातळ न करता ते तसंच शिरेतून गेलं असतं, तर त्या पोराचं हृदय तिथल्या तिथे थांबलं असतं. सिरिंज सिंकमध्ये रिकामी केली आणि इन्चार्ज सिस्टरांना जाऊन सगळं सांगितलं. आजही तो प्रश्न कानात येतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. तेवढा वेळ कुणी तुला हाक मारत नाही, मारली तरी थांबावंच लागतं. तेवढ्यात मी स्वतःचा केसपेपर वाचायची. जेवलेय का? झोप किती झाली? कुणाचा राग घेऊन आलेय? उत्तर धड नसलं की शेजारच्या सिस्टरला म्हणायची, "बाई, हे लेबल मोठ्याने वाच." यात लाज कसली?

आजोबांचे नातेवाईक तुझ्यावर ओरडले, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या रात्री त्यांच्यासमोर ओरडायला तूच होतीस.

आता तुला सगळे सांगतील, मन घट्ट कर. मी केलं होतं. 2021 च्या एप्रिलमध्ये पीपीई किट घालून ऑक्सिजनच्या मीटरवर डोळे लावून बसायचो, तेव्हा डॉक्टर म्हणायचे, सिस्टर किती शांत असतात! त्याच महिन्यात नातीचा पहिला वाढदिवस व्हिडिओ कॉलवर बघितला आणि मला आत काही हललंच नाही. मी बधिर झाले होते, आणि ते कळायला पावसाळा उजाडला. म्हणून तू रडलीस हे वाचून मला, खरं सांगू, हायसं वाटलं. रडू येईनासं झालं, झोप-भूक गेली ती परतेना, तर वाट बघू नकोस, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव. तिथे मराठीत बोलता येतं. मला तेव्हा असा नंबर हवा होता.

आज परत नाइट आहे ना? डबा दहाच्या आत खा, मावशींना सोबत घेऊन बस. सात नंबरला नवीन पेशंट आला असेल; फाईल उघडण्याआधी त्याला त्याचं नाव विचार. सकाळी हँडओव्हर झाला की फोन कर. मी पाचपासून जागीच असते.

तुझी,
सिस्टर