टेबलावरच्या युद्धखेळात क्रीटच्या लढाईसाठी 28 मिमी (साधारण 1/56 स्केल) फिगरची, म्हणजे छोट्या सैनिकांची, जर्मन पॅराट्रूपर प्लाटून उभी करायची आहे. किती फिगर आणि कोणती शस्त्रं घेऊ?

फिगर मोजण्याआधी साल पक्कं करा. क्रीट म्हणजे मे 1941, ग्रीसच्या या बेटावरचा जर्मन हवाई हल्ला. पॅराट्रूपर म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत मात्र बरेचसे 1943 नंतरचे असतात: एफजी 42 (पॅराट्रूपरची स्वयंचलित रायफल), एमजी 42 (मशीनगन), पान्झरफाउस्ट (रणगाडाविरोधी हत्यार). यातलं एकही हत्यार क्रीटवर नव्हतं. पैसे भरण्याआधी डब्यातल्या फ्रेमचा (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचा) फोटो नीट पाहा. डाव्या बाजूला आडवं मॅगझिन निघालेली रायफल दिसली, तर तो डबा तुमच्या कामाचा नाही.

संख्या विमानावरून काढा. एका युंकर्स 52 मधून साधारण 12 जण उडी मारत, म्हणून सेक्शन 12 चं धरा. तीन सेक्शन, प्लाटून कमांडर, त्याचा सार्जंट आणि दोन निरोपे मिळून 40 फिगर झाल्या. एवढं रंगवणं जड वाटत असेल तर मालेमेला (क्रीटवरच्या विमानतळाजवळ) डीएफएस 230 ग्लायडरने उतरलेले हल्लेखोर घ्या. त्यात 9 सैनिक आणि पायलट असे 10 जण बसत आणि उतरल्यावर पायलटही लढायला उतरे, म्हणजे 30 फिगरमध्ये काम होतं. ग्लायडरचं मॉडेल 28 मिमीसोबत साधारण 20 सेंमी लांब आणि 39 सेंमी रुंद होतं. एखादं टेबलावर शोभतं. युंकर्सचे पंख याच स्केलला 52 सेंमी भरतात. ते विमान टेबलाबाहेरच राहू द्या.

सेक्शनमध्ये कमांडरकडे एमपी 40 (कमी पल्ल्याची सबमशीनगन), फार तर आणखी एकाकडे. एमजी 34 मशीनगनचा नेमबाज आणि त्याचा मदतनीस, बाकी सगळ्यांकडे कार 98के रायफल. फ्रेमवर एमपी 40 भरपूर असतात म्हणून सगळ्यांच्या हातात चिकटवल्या जातात आणि मग ही प्लाटून 20 इंचांवरून कुणालाच मारू शकत नाही.

आता खरा मुद्दा. जर्मन आरझेड पॅराशूटच्या सगळ्या दोऱ्या पाठीमागे एकाच ठिकाणी येऊन मिळत. माणूस पुढे झुकलेला लटके, त्याला दिशा बदलता येत नसे आणि जमिनीवर तो गुडघ्या-हातांवर पडे. गुडघ्यांवरच्या जाड गाद्या त्यासाठीच. अशा उतरण्यात रायफल अंगावर घेणं धोक्याचं, म्हणून बहुतेकांकडे पिस्तूल आणि हातबॉम्बच असत, थोड्यांकडे एमपी 40. रायफली, एमजी आणि दारूगोळा वेगळ्या कंटेनरमधून पडे. एका विमानाचे साधारण चार. क्रीटवर कंटेनरपर्यंत पोचण्याआधीच पुष्कळ जण टिपले गेले. मालेमेच्या पूर्वेला स्टुर्म रेजिमेंटची (पॅराट्रूपरच्या हल्ला रेजिमेंटची) तिसरी बटालियन थेट न्यूझीलंडच्या ठाण्यांवर पडली आणि तिच्या सुमारे 600 पैकी 400 च्या आसपास माणसं गेली. तुमच्या खेळात हे दिसलं नाही तर ती नुसती वेगळे हेल्मेट घातलेली पायदळाची प्लाटून.

त्यासाठी घरचा नियम असा. प्रत्येक सेक्शनचा उतरण्याचा बिंदू ठरवा, दोन फासे टाका आणि तेवढे इंच तो सरकवा. दिशा तिसऱ्या फाशाने. फिगर पुंजक्यात ठेवू नका, विमानाच्या रेषेत दोन-दोन इंचांवर मांडा. सेक्शनला दोन कंटेनर द्या आणि त्यांचे फासे वेगळे टाका. एमजी कोणत्या कंटेनरमध्ये आहे ते आधीच चिठ्ठीवर लिहून उलटं ठेवा. कंटेनर उघडायला एक पूर्ण टर्न (खेळाची एक पाळी) जातो; तोवर पिस्तूल, पल्ला 6 इंच. शत्रूची फिगर आधी पोचली तर कंटेनर त्याचा. क्रीटवर जर्मन शस्त्रं अशी खरोखर उलट वापरली गेली.

हा नियम लावून समोर तेवढेच बचाव करणारे ठेवले तर खेळ तिसऱ्या टर्नला संपतो. 40 विरुद्ध 20-25 ठेवा आणि एक सेक्शन शत्रूच्या नजरेआड उतरवा. टाव्रोनिटिस नदीच्या पश्चिमेला उतरलेल्यांना तशी उसंत मिळाली आणि मालेमेचा विमानतळ पुढे त्याच बाजूने गेला.

कंटेनर विकत घेऊ नका. खरा साधारण दीड मीटर लांब, म्हणजे 28 मिमीला 2.7 सेंमी. जाड स्ट्रॉ किंवा पेनाची नळी कापा, एका टोकाला आदळ सोसणारा पन्हळीचा भाग कोरा, बारीक चाकं लावा आणि ओळखीसाठी रंगीत पट्टे ओढा.

मदतीला 5 सेंमीची छोटी मॉर्टर पुरे. 7.5 सेंमी एलजी 40 ही धक्का न मारणारी तोफ हवीच असेल तर एक घ्या. तिच्या मागून आगीचा लोट निघतो, म्हणून मागच्या 4 इंचांत आपली फिगर नको, आणि एकदा डागली की लपलेली राहत नाही. रणगाडे शून्य.

रंगात स्मॉकसाठी (उडीच्या सैल अंगरख्यासाठी) करडा हिरवा (वालेहो कंपनीचा 886 चालतो), पँटसाठी फील्ड ग्रे (830), हेल्मेट लुफ्तवाफेचं (जर्मन हवाई दलाचं) निळसर करडं. थोड्या स्मॉकवर स्प्लिंटर (टोकदार तुकड्यांचं) कॅमोफ्लाज चालेल. पॅराट्रूपरच्या हेल्मेटला पसरट कड नसते, म्हणून साध्या जर्मन पायदळाची डोकी लावून भागत नाही. उडी मारणाऱ्यांकडे गॅस मास्कची कापडी पिशवी असे. फिगरच्या कमरेला पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा असेल तर ब्लेडने काढून टाका.

स्थानिक क्रीटवासी जुन्या बंदुका आणि विळे घेऊन लढले, त्यांची एक अनियमित तुकडी बचाव बाजूला जरूर द्या. पण गाव जाळण्याला गुण देणारे सिनारिओ (खेळाचे प्रसंग) मी टाळतो: 2 जून 1941 ला क्रीटवरच्या कोंडोमारी गावात पॅराट्रूपरनीच गावकऱ्यांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या.

आधीच घेतलेला डबा 1944 चा निघाला तर तो वाया जात नाही. सेक्शन 10 चं, प्रत्येकी दोन एमजी 42, बाकी बहुतेक रायफलीच. एफजी 42 एकूण बनल्याच सुमारे 7,000, म्हणून सेक्शनला एखादी. त्यांना इटलीतल्या मोंटे कासिनोत मार्च 1944 मध्ये बसवा. तिथे पहिल्या पॅराशूट डिव्हिजनसमोर आपली चौथी इंडियन डिव्हिजन होती आणि तिच्या 1/9 गुरखांनी (नवव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनने) हँगमन्स हिल ही टेकडी घेतली होती. त्या टेबलाला कंटेनर लागत नाहीत, ढिगारे मात्र भरपूर लागतात.