भेटीची वेळ

दादर, मुंबई

प्रिय मुली,

कंबोडियात, नॉम पेन्हच्या शाळेतली नोकरी पक्की झाली हे ऐकून फार आनंद झाला. त्याच फोनवर तू म्हणालीस, ‘बाई, शनिवार-रविवार सुट्टीच आहे, तिथल्या अनाथाश्रमात जाऊन मुलांना शिकवीन.’ त्यावर मी नुसतं ‘बघू’ म्हटलं. तुला ते लागलं असणार. फोनवर सांगण्याइतकं ते छोटं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

२०१० ते २०१२ मी त्याच शहरात शिकवत होते. शाळेतल्या एका शिक्षिकेबरोबर दर शनिवारी एका आश्रमात जायची सवय लागली. फाटकातून आत पाऊल टाकलं की पाच-सहा पोरं धावत येऊन कमरेला मिठी मारायची. मी कोण, कुठली, काही माहीत नसताना. तिथे शिक्षिकेला ‘नेक क्रू’ म्हणतात. ‘क्रू’ म्हणजे आपला गुरूच, संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द. इतकीशी पोर त्या नावाने हाक मारायची आणि मी विरघळायचे. आपल्यामुळे यांना आईची माया मिळतेय, असं मनापासून वाटायचं.

शिकवताना मात्र एक गोष्ट खटकत होती. मुलांना इंग्रजीत रंगांची नावं यायची, अवयवांची यायची, त्यापुढे काही नाही. दर महिन्याला नवा परदेशी स्वयंसेवक यायचा आणि पुन्हा रंगांपासून सुरू करायचा. हजेरी नाही, टाचण नाही, मागच्याने कुठवर शिकवलं याची नोंद नाही. आठेक वर्षांच्या एका मुलीला तो धडा पाठ होता. तरी ती काहीच येत नसल्यासारखी बघत राहायची आणि मग हळूहळू ‘शिकायची’. नव्या पाहुण्याला त्यातच आनंद होतो, हे तिने ओळखलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी स्वतः दोन महिने तिला रंग शिकवून झाले होते.

मग प्चुम बेन आला. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच तो, साधारण त्याच दिवसांत येतो. ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे पॅगोडात पूर्वजांसाठी भाताचे गोळे टाकतात आणि माणसं आपापल्या गावी जातात. त्या शनिवारी आश्रमात गेले तर अर्ध्याहून जास्त चटया गुंडाळून ठेवलेल्या. मुलं कुठे गेली, विचारलं. ‘घरी.’

अनाथाश्रमातली मुलं सणाला घरी गेली होती.

हे फक्त त्या एका आश्रमात होतं असं नाही. २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियातल्या अशा संस्था १५४ वरून २६९ झाल्या, आणि आतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा वडील हयात होते. गरीब घरातल्या मुलाला ‘शिक्षण मिळेल, दोन वेळा जेवण मिळेल’ असं सांगून आणायचं, मग पाहुण्यांनी त्याच्याकडे बघून देणगी द्यायची. जिथे पर्यटक जास्त, तिथे आश्रम जास्त. नेपाळातही तेच, काठमांडू-पोखरा-चितवनच्या बाजूला. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, तेव्हा पैशासाठी मुलांना अशा संस्थांत आणून ठेवण्याचाही त्यात विचार झाला. सगळे आश्रम असे नसतात. खरोखर कुणीच नसलेली मुलंही असतात, आणि त्यांच्यासाठी झिजणारी माणसंही मी तिथे पाहिली. पण फाटकावरच्या पाटीवर ‘अनाथ’ लिहिलंय म्हणून ते खरं धरू नकोस.

आणि त्या मिठ्या. ओळख नसताना कुणालाही बिलगणं हे संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये वारंवार दिसतं. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की मूल कुणा एकावर जीव टाकायचं थांबतं आणि येईल त्याला धरतं. रोमानियात, बुखारेस्टमध्ये २००० सालानंतर संस्थांतल्या १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या मुलांना संस्थेतून काढून पालक-कुटुंबांत ठेवलं. त्यांची वाढ सरस झाली, आणि जी लहान वयातच कुटुंबात गेली त्यांची अधिकच. हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे शनिवार आठवले. मी सहा महिने गेले, नोकरीचा करार संपला, मी परत आले. त्या मुलांच्या आयुष्यातून निघून गेलेल्या माणसांत माझी एक भर पडली.

आता मुंबईचं सांगते. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

परत आल्यावर हार्बर लाइनवरच्या एका बालगृहात जाऊ लागले. पहिल्याच वर्षी आम्ही दहा-बारा जणांनी रविवारी दुपारी सगळ्या मुलांचे वाढदिवस एकत्र करायचं ठरवलं. केक, टोप्या, फुगे. हॉल दणाणून गेला. साडेचारला बाहेर आले तर फाटकाशी बायका बसलेल्या. कुणाच्या पिशवीत केळी, कुणाकडे चुरमुऱ्याचे लाडू. पाहुण्यांचा कार्यक्रम आहे म्हणून त्यांना आत सोडलं नव्हतं, आणि दोन ते चार ही भेटीची वेळ तेवढ्यात संपली होती. एक बाई विरारहून आलेली, चार घरी धुणीभांडी करणारी, महिन्यातून एक रविवार मोकळा मिळायचा. तिने लाडवांची पिशवी शिपायाकडे दिली आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. तिचा मुलगा आत तोंडाला क्रीम लावून माझ्या शेजारी फोटोसाठी उभा होता.

त्यानंतर मी हॉलमध्ये गेलेले नाही. फाटकाशी एक बाक आहे, तिथे बसते आणि आयांचे अर्ज भरते. मूल आईकडे किंवा नातेवाइकांकडेच राहावं म्हणून आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण शाळेची रिक्षा आणि वह्या निघतात. अडतं ते कागदांवर. विरारच्या त्या बाईंना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखलाच मिळत नव्हता, दीड वर्ष गेलं. तिचा मुलगा आता तिच्याकडेच राहतो.

तेव्हा तू तिथे काय करावंस? पहिले तीन-चार महिने काहीच करू नकोस. तुझी शाळा सांभाळ, भाषा शीक, बाजारात बोलता यायला लाग. मग मुलांना त्यांच्या घरीच ठेवण्यासाठी काम करणाऱ्या संस्था शोध. त्यांना इंग्रजीच्या बाईची गरज असते, पण लहानग्यांसाठी नाही. सोळा-सतरा वर्षांच्या, लवकरच संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी असते. बँकेचं खातं, नोकरीचा अर्ज, मुलाखतीत काय बोलायचं, हे त्यांना हवं असतं. आपल्याकडेही अठरा पूर्ण झाले की बालगृह संपतं. कायद्यात एकविसापर्यंत मदतीची तरतूद आहे, पण त्या पोरांना ते सांगणारं माणूस लागतं.

त्याहून चांगलं म्हणजे तिथल्याच शिक्षकांना शिकव. त्यांच्या भाषेत, त्यांच्याबरोबर बसून टाचणवही तयार कर आणि निघताना ती तिथेच ठेवून ये. तू परत आलीस तरी पुढच्या सोमवारी तो धडा कुणीतरी घेईल.

कुठल्याही संस्थेत गेलीस तर आधी विचार: मुलांचे आईवडील कुठे आहेत? मुलं सणाला कुठे जातात? सरकारकडे नोंदणी आहे का? आणि एक बघ, त्यांनी तुझ्याकडे पोलिसांचा दाखला मागितला का. जी संस्था अनोळखी माणसाला काहीही न विचारता मुलांच्या खोलीत सोडते, तिथून उलट्या पावली फीर. फोटो काढू नकोस. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं गुन्हा आहे. तिथे कुणी अडवलं नाही तरी तू हाच नियम पाळ.

हे सगळं वाचून तुझा उत्साह कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. तुझ्या मनात हे आलं याचा मला अभिमान आहे.

निघायच्या आधी एक रविवार माझ्यासाठी मोकळा ठेव. दोनच्या आत पोचायचं आहे, आया येऊ लागण्यापूर्वी. बॉलपेन घेऊन ये, आणि घरी असेल तर स्टेपलरही.

तुझ्या
बाई